खंडीय फुटबॉल स्पर्धेची पात्रता कशी ठरते : नव्या प्रेक्षकांसाठी पायरीपायरीने

युरो, आशियाई चषक किंवा आफ्रिका कप ऑफ नेशन्स यांसारखी स्पर्धा टीव्हीवर सुरू होते, तेव्हा तिच्यातील बरेचसे नाट्य आधीच घडून गेलेले असते. कोणते संघ तिथवर पोहोचले आणि कोणते घरी राहिले, हे आधीच्या वर्ष-दीड वर्षात पात्रता फेरीत ठरते, आणि राष्ट्रीय संघांच्या फुटबॉलचा सर्वांत चुरशीचा भाग मला तरी हाच वाटतो. नव्याने पाहू लागलेल्या माणसाला मात्र ही फेरी गोंधळाची वाटते. तिची रीत प्रत्येक खंडात वेगळी असते, एकाच खंडात ती दर खेपेला बदलते, आणि गुणतक्त्यात वर असलेला संघ बाहेर राहून खालचा संघ आत गेला, असेही घडते. या गोंधळावर मला एकच खात्रीचा उपाय ठाऊक आहे, तो म्हणजे गुणतक्ता उघडण्याआधी त्या वेळच्या स्पर्धेची नियमावली पाहणे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : महासंघ कोणता आणि जागा किती

जागतिक फुटबॉलचा कारभार फिफाकडे असला, तरी खंडीय स्पर्धा आणि तिची पात्रता फेरी ही त्या-त्या खंडाच्या महासंघाची बाब असते. असे महासंघ सहा आहेत. युरोपचा यूएफा (५५ सदस्य), आफ्रिकेचा सीएएफ (५४), आशियाचा एएफसी (४७), उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा कॉन्ककॅफ (४१), ओशनियाचा ओएफसी (१३) आणि दक्षिण अमेरिकेचा कॉन्मेबॉल (१०). सदस्यसंख्येतील हा फरक लक्षात ठेवावा, कारण पात्रता फेरी लागते की नाही आणि लागली तर ती किती लांबते, हे मुख्यतः त्यावरच अवलंबून असते.

दक्षिण अमेरिकेत दहाच संघ असल्यामुळे कोपा अमेरिका स्पर्धेसाठी त्यांना पात्रता फेरी खेळावीच लागत नाही आणि दहाही संघ थेट उतरतात. उलट संघ कमी पडतात म्हणून बाहेरचे पाहुणे बोलावले जातात. २०२४ मध्ये ही स्पर्धा अमेरिकेत १६ संघांची झाली, तेव्हा सहा जागा कॉन्ककॅफच्या संघांसाठी होत्या आणि पात्रतेची लढाई त्या सहा जागांपुरतीच झाली. चार जागा कॉन्ककॅफ नेशन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीतील विजेत्यांना मिळाल्या, तर उरलेल्या दोन जागा कॅनडा आणि कोस्टारिका यांनी मार्च २०२४ मध्ये एकेक प्ले-ऑफ, म्हणजे उरलेल्या जागेसाठीचा निर्णायक सामना जिंकून मिळवल्या.

युरोपात चित्र नेमके उलटे आहे. १९६० मध्ये पहिली युरो झाली तेव्हा मुख्य स्पर्धेत फक्त चार संघ होते. १९८० मध्ये ते आठ झाले, १९९६ मध्ये सोळा आणि २०१६ पासून चोवीस. चार जागांच्या काळात पात्रता मिळवणे म्हणजे थेट उपांत्य फेरी गाठण्यासारखे होते. आता ५५ पैकी २४ संघ आत जातात, त्यामुळे बलाढ्य संघांवरचे दडपण कमी झाले आहे आणि मधल्या फळीतील देशांना पहिल्यांदाच खरी संधी मिळाली आहे. संघ वाढवल्याने दर्जा घसरतो अशी तक्रार नेहमी होते. मला ती फारशी पटत नाही, आणि त्याचे कारण पुढे जॉर्जियाच्या उदाहरणात दिसेल.

आफ्रिकेत १९५७ ची पहिली स्पर्धा तीनच संघांत झाली होती. २०१९ पासून तिथेही चोवीस संघ खेळतात.

दुसरी पायरी : यजमानाचा हिशेब

एकूण जागांतून यजमानाची जागा वजा करण्याआधी थांबावे, कारण ती वजा करण्याची पद्धत सगळीकडे सारखी नाही. युरो २०२४ चा यजमान जर्मनी पात्रता फेरी न खेळता थेट आत गेला, म्हणून उरल्या २३ जागा. युरो २०२० अनेक देशांतील शहरांत विखुरलेली होती, त्यामुळे तेव्हा कोणालाच थेट प्रवेश नव्हता आणि सर्व ५५ संघ पात्रता फेरीत खेळले. २०२८ साठी इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड असे चार यजमान आहेत. चौघांनीही पात्रता फेरी खेळायची आहे, मात्र त्यांच्यापैकी जे स्वबळावर पोहोचणार नाहीत त्यांच्यासाठी दोन जागा राखून ठेवल्या आहेत.

नवख्या वाचकाची सर्वाधिक फसगत आफ्रिकेच्या रीतीत होते. २०२५ च्या स्पर्धेचा यजमान मोरोक्को असूनही त्याला पात्रता फेरीच्या गटात ठेवले होते. १२ गटांत प्रत्येकी चार संघ होते आणि प्रत्येक गटातून दोन संघ पुढे जाणार होते, म्हणजे हिशेब बरोबर २४ चा झाला. पण मोरोक्कोची जागा आधीच पक्की असल्यामुळे त्याच्या गटातील गॅबॉन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि लेसोथो या तिघांसाठी प्रत्यक्षात एकच जागा उरली होती. ती गॅबॉनने घेतली. आपण पाहत असलेल्या गटात यजमान असेल, तर ‘पहिले दोन पुढे’ हे वाक्य तसेच्या तसे लावू नये.

गतविजेत्याला थेट प्रवेश असतो, असाही एक समज आहे. युरोत तसे नाही, गतविजेत्यालाही पुन्हा पात्रता मिळवावी लागते.

तिसरी पायरी : मानांकन, पॉट आणि सोडत

जागा कळल्या की गट कसे पडतात ते पाहायचे. संघांना आधी ताकदीनुसार क्रम दिला जातो, त्या क्रमाने त्यांचे पॉट, म्हणजे साधारण सारख्या ताकदीच्या संघांचे कप्पे केले जातात आणि सोडतीत प्रत्येक पॉटमधून एकेक संघ प्रत्येक गटात पडतो. पहिल्या पॉटमधील संघांची आपसात गाठ पडत नाही, चौथ्या पॉटमधील संघांचीही पडत नाही. म्हणून ‘आमच्याच वाट्याला एवढा कठीण गट का’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सोडतीच्या दिवशी मिळत नाही, ते मागील दोन वर्षांच्या निकालांत असते.

क्रम कशावरून लावतात, हे मात्र पाहून घ्यावे. आशिया आणि आफ्रिकेत साधारणतः फिफाची जागतिक क्रमवारी वापरतात. युरो २०२४ च्या पात्रता फेरीसाठी यूएफाने २०२२-२३ च्या नेशन्स लीगमधील, म्हणजे राष्ट्रीय संघांना ताकदीनुसार श्रेणींत विभागून खेळवल्या जाणाऱ्या आपल्या वेगळ्या स्पर्धेतील एकूण क्रम वापरला होता. नेशन्स लीगचे सामने म्हणजे नुसते नाव बदललेले मैत्रीपूर्ण सामने, असे समजणाऱ्याला युरोपची पात्रता कधीच नीट उमगणार नाही. तिच्यातून पॉट तर ठरतातच, शिवाय पुढे येणारे मागचे दारही तिच्यातूनच उघडते.

सोडतीवर काही बंधनेही असतात. स्पेन आणि जिब्राल्टर किंवा सर्बिया आणि कोसोवो यांना राजकीय कारणांमुळे एका गटात टाकत नाहीत, आणि कडाक्याच्या थंडीच्या देशांची एका गटात गर्दी होऊ देत नाहीत.

सर्वांत खालच्या क्रमांकाच्या संघांना गटांच्या आधी एक छोटी फेरी खेळावी लागते. आफ्रिकेत २०२५ च्या स्पर्धेसाठी आठ संघांच्या चार जोड्यांनी प्रत्येकी दोन सामने खेळले, त्यांतील चार विजेते वर आले आणि तेव्हा कुठे ४८ हा आकडा पुरा झाला. दोन सामन्यांत हरलेल्या त्या चार देशांची मोहीम बाकीच्यांनी सुरुवात करण्याआधीच संपली होती.

चौथी पायरी : गटातील सामने

गटात प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. चार संघांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला सहा सामने येतात आणि पाच संघांच्या गटात आठ. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण सहा सामन्यांच्या मोहिमेत दोन वाईट संध्याकाळी पुरतात. २०२५ च्या आफ्रिकी स्पर्धेच्या पात्रता फेरीत घानासारखा चार वेळचा विजेता अंगोला, सुदान आणि नायजर यांच्या गटात एकही सामना न जिंकता तीन गुणांवर तळाला राहिला.

हे सामने वर्षभर सलग होत नाहीत. फिफाच्या वेळापत्रकात राष्ट्रीय संघांसाठी राखलेले काही दिवस असतात, आजवर ते मुख्यतः मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत आले आहेत, आणि त्या दिवसांत क्लबांनी खेळाडूंना सोडणे बंधनकारक असते. प्रशिक्षकाला सरावाला मोजकेच दिवस मिळतात. त्यामुळे क्लब फुटबॉलमध्ये दिसणारी घोटून बसवलेली खेळी इथे शोधू नये. बचाव घट्ट ठेवणे, कॉर्नर आणि फ्री-किकवर मेहनत घेणे आणि परक्या मैदानावर एक गुण पदरात पाडून घेणे, यावरच बहुतेक संघांचा भर असतो आणि तो शहाणपणाचा असतो.

‘घरचे मैदान’ हा शब्दही सावधपणे वाचावा. युद्धामुळे, सुरक्षेच्या कारणाने किंवा महासंघाच्या निकषांत बसणारे स्टेडियम नसल्यामुळे काही देश घरचे सामनेही दुसऱ्या देशात खेळतात. युक्रेनने युरो २०२४ साठीचा इटलीविरुद्धचा निर्णायक ‘घरचा’ सामना नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे खेळला. तो ०-० असा सुटला आणि इटली थेट पात्र ठरली.

पाचवी पायरी : गुण सारखे झाले तर

या पायरीवर मी मुद्दाम अधिक वेळ घेणार आहे, कारण इथे केवळ प्रेक्षकच नव्हे, संघसुद्धा चुकले आहेत.

दोन किंवा अधिक संघांचे गुण समान झाले, तर त्यांचा क्रम लावण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत गटातील सर्व सामन्यांचा गोलफरक आधी पाहतात, म्हणजे केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करतात. दुसऱ्या रीतीत फक्त त्या समान गुणांच्या संघांनी एकमेकांविरुद्ध काय केले ते आधी पाहतात आणि एकूण गोलफरकाकडे नंतर वळतात. युरोच्या पात्रता फेरीत दुसरी रीत आहे, आफ्रिकेतही दुसरीच आहे. टीव्हीवरचा गुणतक्ता मात्र अनेकदा सरळ गोलफरकाने लावलेला असतो.

८ ऑक्टोबर २०११ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या संघाला याची किंमत मोजावी लागली. २०१२ च्या आफ्रिकी स्पर्धेसाठी त्यांच्या गटात नायजर, सिएरा लिओन आणि इजिप्त होते. शेवटच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेने घरच्या मैदानावर, नेल्स्प्रुट येथे, सिएरा लिओनशी ०-० अशी बरोबरी केली, आणि तिकडे नायजर इजिप्तकडून ०-३ ने हरले. तिन्ही संघ नऊ गुणांवर आले. दक्षिण आफ्रिकेचे गोल ४-२ होते, म्हणजे फरक अधिक दोन. सिएरा लिओनचे ५-५, फरक शून्य. नायजरचे ६-८, फरक उणे दोन. खेळाडूंनी मैदानातच नाचायला सुरुवात केली.

आता कागद घेऊन इजिप्तचे सामने खोडून टाकावेत आणि तिघांच्या आपसातील सहा सामन्यांचा छोटा तक्ता करावा. दक्षिण आफ्रिकेने नायजरला २-० ने हरवले होते, परतीच्या सामन्यात नायजर २-१ ने जिंकले. नायजरने सिएरा लिओनला ३-१ ने हरवले, परतीच्या सामन्यात सिएरा लिओन १-० ने जिंकले. दक्षिण आफ्रिका आणि सिएरा लिओन यांचे दोन्ही सामने ०-० असे सुटले. बेरीज करा. नायजरचे दोन विजय, म्हणून सहा गुण. दक्षिण आफ्रिकेचा एक विजय आणि दोन बरोबऱ्या, म्हणून पाच. सिएरा लिओनचेही पाच. म्हणजे गोलफरकात तिघांत शेवटचा असलेला नायजर पात्र ठरला, आणि नाचणारा संघ बाहेर पडला. मैदानावरच्या कोणालाही हे आधी ठाऊक असते, तर शेवटची दहा मिनिटे बरोबरी राखण्याऐवजी गोल शोधण्यात गेली असती. एका गोलाने सारे चित्र पालटले असते.

हा छोटा तक्ता करण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. मी प्रत्येक गटासाठी वहीचे एक पान ठेवतो, डाव्या बाजूला पूर्ण गुणतक्ता आणि उजव्या बाजूला चुरशीत असलेल्या संघांच्या आपसातील सामन्यांचे निकाल. तिसऱ्या फेरीनंतर उजवी बाजूच अधिक बोलू लागते.

सावधगिरीची एक गोष्ट आणखी आहे. एकाच मोहिमेत दोन टप्प्यांना दोन वेगळ्या रीती असू शकतात. २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता फेरी सुरुवातीला २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीशी जोडलेली होती, त्यामुळे त्या टप्प्यात एकूण गोलफरक आधी पाहिला गेला. जॉर्डन आणि सौदी अरेबिया यांचे प्रत्येकी १३ गुण झाले होते. आपसातील सामन्यांत सौदीने २-० ने आणि जॉर्डनने २-१ ने विजय मिळवला होता, म्हणजे तिथे सौदी सरस होते. पण एकूण गोलफरक जॉर्डनचा अधिक १२ आणि सौदीचा अधिक ९ असल्याने गटात पहिला क्रमांक जॉर्डनला मिळाला. पुढे केवळ आशियाई चषकासाठी जी फेरी झाली, तिच्यात मात्र एकमेकांविरुद्धची कामगिरी आधी मोजण्याचा नियम होता.

सहावी पायरी : दुसरे-तिसरे क्रमांक आणि मागचे दार

प्रत्येक गटातून किती संघ थेट जातात, हे पाहिल्यावर उरलेल्या जागा कशा भरतात ते पाहावे. इथे दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार ‘सर्वोत्तम उपविजेते’ निवडण्याचा. वेगवेगळ्या गटांतील दुसऱ्या क्रमांकाच्या संघांची एक यादी करून वरचे काही संघ घेतले जातात. गट सारख्या आकाराचे नसतील, तर ही तुलना न्याय्य व्हावी म्हणून मोठ्या गटातील तळाच्या संघाविरुद्धचे निकाल सहसा वगळतात. २०२१ मध्ये उत्तर कोरियाने आशियाई पात्रता फेरीतून माघार घेतली आणि त्याचा गट चार संघांचा झाला, तेव्हा बाकीच्या गटांतील उपविजेत्यांचे पाचव्या संघाविरुद्धचे गुण तुलनेत धरले गेले नाहीत.

दुसरा प्रकार प्ले-ऑफचा, आणि युरो २०२४ मध्ये तो ज्या पद्धतीने झाला ती समजून घेण्यासारखी आहे. यजमान जर्मनी आणि बंदी असलेला रशिया वगळून ५३ संघांचे दहा गट होते आणि प्रत्येक गटातून दोन संघ थेट गेले. झाले वीस. जर्मनी एकविसावा. उरलेल्या तीन जागांसाठी बारा संघांचे प्ले-ऑफ झाले, पण ते बारा संघ पात्रता गटांतून निवडले नव्हते. नेशन्स लीगच्या अ, ब आणि क श्रेणींतील गटविजेत्यांना त्यात पहिला मान होता, आणि जे विजेते आधीच पात्र ठरले होते त्यांच्या जागी त्या श्रेणीतील पुढचे संघ घेतले गेले.

याचा परिणाम पात्रता फेरीच्या ‘अ’ गटात पाहा. स्पेन २१ गुण, स्कॉटलंड १७, नॉर्वे ११, जॉर्जिया ८, सायप्रस शून्य. नॉर्वे तिसरा आणि जॉर्जिया चौथा. त्यातही जॉर्जियाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या राजधानीत स्पेनकडून १-७ असा मार खाल्लेला. तरीही प्ले-ऑफला जॉर्जिया गेला आणि नॉर्वे घरी राहिला, कारण जॉर्जियाने नेशन्स लीगच्या ‘क’ श्रेणीत आपला गट जिंकला होता, तर नॉर्वे ‘ब’ श्रेणीत सर्बियाच्या मागे दुसरा आला होता. एस्टोनियाची गोष्ट तर याहून टोकाची आहे. आठ सामन्यांत फक्त एक गुण मिळवूनही तो संघ प्ले-ऑफला पोहोचला, आणि त्याच्याच गटात तिसरा आलेला स्वीडन बाहेर राहिला. एस्टोनिया पहिल्याच लढतीत पोलंडकडून १-५ ने हरला, पण संधी त्याला मिळाली.

प्ले-ऑफमध्ये चार-चार संघांचे तीन मार्ग होते. प्रत्येक मार्गात दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम सामना, तेही एकेकच, परतीचा सामना नाही. जॉर्जियाने लक्झेंबर्गला २-० ने हरवले आणि २६ मार्च २०२४ रोजी तिबिलिसी येथे ग्रीसशी गाठ पडली. नव्वद मिनिटे गोल नाही, जादा वेळेत गोल नाही, आणि पेनल्टी शूटआउटमध्ये जॉर्जिया ४-२ ने जिंकला. याच शहरात नोव्हेंबर २०२० मध्ये अशाच एका प्ले-ऑफ अंतिम सामन्यात उत्तर मॅसिडोनियाच्या गोरान पांडेव्हच्या एकमेव गोलाने जॉर्जियाचे स्वप्न मोडले होते. साडेतीन वर्षांनी तो देश पहिल्यांदाच युरोला गेला, तिथे त्याने पोर्तुगालला २-० ने हरवले आणि बाद फेरी गाठली. मागच्या दाराने आलेल्या संघांमुळे स्पर्धा पातळ होते असे म्हणणाऱ्यांनी तो सामना पुन्हा पाहावा.

नॉर्वेवर अन्याय झाला का? मी यावर बराच विचार केला आहे. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते, कारण तिचे नियम स्पर्धेच्या आधीपासून सर्वांना माहीत होते आणि नेशन्स लीगमधला गट जिंकण्याची संधी नॉर्वेलाही होती. तरीही ज्याने गटात तीन गुण अधिक मिळवले त्याच्या पाठीराख्याला हे पटवणे अवघड आहे, आणि तो दोष पद्धत समजावून न सांगणाऱ्यांचा आहे.

सातवी पायरी : आशियाचा लांबचा रस्ता

आशियाई चषकाची रीत थोडक्यात अशी. २०२७ च्या स्पर्धेसाठी आधी खालच्या २० संघांची दोन-दोन सामन्यांची फेरी झाली. तिचे दहा विजेते वरच्या २६ संघांना येऊन मिळाले आणि ३६ संघांचे नऊ गट पडले. प्रत्येक गटातील पहिले दोन, म्हणजे १८ संघ, आशियाई चषकासाठी पात्र ठरले आणि त्याच वेळी विश्वचषकाच्या पुढच्या फेरीतही गेले. यजमान सौदी अरेबिया या अठरांतच होता. उरलेल्या सहा जागांसाठी २४ संघांचे सहा गट झाले आणि प्रत्येक गटातून फक्त विजेता जाणार होता.

या शेवटच्या टप्प्याचा कस वेगळा आहे. दुसऱ्या क्रमांकाला काहीच मिळत नाही, त्यामुळे सहा सामन्यांत परक्या मैदानावरची बरोबरीही महाग पडू शकते. सिंगापूर, हाँगकाँग, भारत आणि बांगलादेश यांच्या गटात पहिल्या पॉटमधील भारत मागे पडला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सिंगापूरने हाँगकाँगला त्याच्याच मैदानावर २-१ ने हरवून जागा मिळवली. सिंगापूर याआधी १९८४ मध्ये आशियाई चषकात खेळला होता तो यजमान म्हणून. मैदानावर पात्रता मिळवण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

आठवी पायरी : मैदानाबाहेरचे निकाल

काही वेळा गुणतक्ता चेंडूने बदलत नाही, निर्णयाने बदलतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये बेलग्रेड येथे सर्बिया आणि अल्बानिया यांचा सामना ०-० वर असताना मैदानावर ध्वज घेऊन एक ड्रोन आला, खेळाडूंत झटापट झाली, प्रेक्षक आत घुसले आणि खेळ थांबला तो थांबलाच. यूएफाने आधी सर्बियाला ३-० असा विजय दिला, पण त्याचे तीन गुणही कापले. पुढे जुलै २०१५ मध्ये क्रीडा लवादाने तो विजय अल्बानियाला दिला आणि सर्बियाची गुणकपात कायम ठेवली. गटाच्या शेवटी अल्बानियाचे १४ गुण होते आणि डेन्मार्कचे १२. लवादाने दिलेले तीन गुण वजा केले तर अल्बानिया ११ वर, म्हणजे डेन्मार्कच्या खाली. त्या गुणांमुळे अल्बानियाने २०१६ ची युरो गाठली, त्याच्या इतिहासातील पहिली.

डेन्मार्कला १९९२ मध्ये अशाच एका निर्णयाचा लाभ झाला होता. पात्रता गटात युगोस्लाव्हियाच्या मागे एका गुणाने दुसरा राहिल्यामुळे डेन्मार्क बाहेर होता, पण युद्धामुळे युगोस्लाव्हियावर निर्बंध आले आणि स्पर्धा तोंडावर असताना डेन्मार्कला बोलावणे गेले. त्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला २-० ने हरवून चषकच जिंकला.

म्हणून एखाद्या निकालावर तक्रार प्रलंबित असेल, तर ती तक्त्याशेजारी लिहून ठेवावी. खेळाडूंवरील पिवळ्या कार्डांची नोंदही तिथेच करावी. ठरावीक संख्येनंतर एका सामन्याची बंदी येते, आणि ती नेमकी शेवटच्या सामन्यात आली तर सगळे आडाखे बदलतात.

शेवटची पायरी : अखेरच्या दिवशी काय पाहावे

अखेरच्या फेरीत एका गटातील निर्णायक सामने शक्यतो एकाच वेळी सुरू करतात, जेणेकरून दुसरीकडचा निकाल पाहून कोणी आपला खेळ बेतू नये. प्रेक्षकाने मात्र दोन्हीकडे लक्ष ठेवायचे असते. सामना सुरू होण्याआधी आपल्या संघासाठी तीन ओळी लिहाव्यात. जिंकलो तर काय, बरोबरी झाली तर काय, हरलो तर काय. प्रत्येक ओळीपुढे दुसऱ्या सामन्याचा कोणता निकाल हवा तेही लिहावे, आणि तिथे ‘गोलफरकाने’ असा शब्द आला तर पुन्हा एकदा नियमावली उघडून तो खरोखर आधी मोजतात का, हे तपासावे.

मग साठाव्या मिनिटाला दुसऱ्या मैदानावर गोल होतो. इथला प्रशिक्षक सहायकाशी दोन शब्द बोलतो आणि बचावपटू बाहेर काढून आघाडीचा खेळाडू आत पाठवतो. समालोचकाने कारण सांगण्याआधी ते आपल्याला वहीच्या उजव्या बाजूला दिसलेले असते.